चार बोटांची जागा

गॅरेजमध्ये नवीन पोरगा आला आणि मधोमध इंजिन असलेली गाडी लिफ्टवर असली, की मी त्याला आधी इंजिन दाखवत नाही. इंजिन आणि एक्झॉस्टच्या आजूबाजूची मोकळी जागा दाखवतो. चार बोटं, कुठे कुठे तेवढीही नाही. त्यातूनच वायरिंग जातं, तेलाचे पाइप जातात, पेट्रोलची नळीही फार लांब नसते. गाडी दामटून चालवली की एक्झॉस्टमधला वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. पेट्रोल गळायला लागलं तर दरवेळी ठिणगीच हवी असं नाही, लालबुंद झालेला पाइपही पुरतो.

लोकांना वाटतं, या गाड्या वेगामुळे पेटतात. वेगात निदान वारा तरी लागतो. मला धास्ती असते ती ट्रॅफिकची, आणि मित्रांना आवाज ऐकवायला उभ्या गाडीत मारलेल्या रेसची. इंजिन बंद केल्यावरही धोका लगेच सरत नाही. पाणी फिरायचं थांबतं, हवा थांबते, आणि आतली उष्णता पुढची काही मिनिटं चढतच राहते. म्हणून दामटून आणलेली गाडी लगेच बंद करू नका, शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडेच.

कारखान्यांच्याही चुका झाल्या आहेत. २०१० मध्ये फेरारीला ४५८ इटालिया परत बोलवाव्या लागल्या. चाकाच्या कमानीत वापरलेला गोंद तापून पेट घेत होता. मग गोंदाऐवजी रिव्हेट आले. २०१४ मध्ये पोर्शेच्या ९११ जीटी३मध्ये कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन आगी लागल्या, आणि कंपनीने ७८५ गाड्यांची इंजिनंच बदलून दिली. एका बोल्टपायी अख्खं इंजिन! २०१७ मधलं लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचं प्रकरण मी मालकांना मुद्दाम ऐकवतो. टाकी काठोकाठ भरलेली, गाडी उभी, आणि वर रेस. अशा वेळी पेट्रोलची वाफ तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोचू शकत होती. बाहेरून बसवलेल्या एक्झॉस्टने तो धोका आणखी वाढायचा.

तरी माझ्या टेबलावर येतं ते बहुतेक आमच्याच धंद्यातल्या लोकांचं कर्तृत्व असतं. आधीच्या फिटरला हीट शील्डचा एक बोल्ट सापडला नाही, म्हणून शील्डच काढून ठेवलेलं. अॅम्प्लिफायरला बॅटरीवरून थेट वायर, मध्ये फ्यूज नाही, जोडावर नुसती टेप. आणि नळ्या! गाडी महिनोन्‌महिने तळघरात कव्हरखाली उभी राहते, रबर कडक होतं, चिरतं, उरलेलं काम उंदीर करतात. जुन्या गाडीतलं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नसतं, ते लवकर हार मानतं. फेरारी एफ४०च्या रबरी टाक्यांना तर मुदतच असते. गाडी किती चालली याच्याशी तिचा संबंध नाही. पण एक्झॉस्टवर लाखो रुपये उधळणारा माणूस नळ्या आणि क्लिपांचं बिल पाहून विचारतो, “गळत नाहीये ना, मग कशाला बदलता?”

यंत्रं झाली तरी मी अजून नाकावर भरवसा ठेवतो. सकाळी गॅरेजचं शटर उघडताच पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू करायची नाही, बॅटरी सोडवायची आणि वासाचा माग काढायचा. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी अडखळत असेल, तर घरापर्यंत नेऊ नका. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लाल होतो, आणि इंजिन पाठीमागे असल्याने ड्रायव्हरला पत्ताच नसतो. आरशात धूर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

धूर दिसला तर गाडी बाजूला, इंजिन बंद म्हणजे पेट्रोलचा पंपही थांबतो, सगळे बाहेर, लांब, आणि अग्निशमन दलाला फोन. मागचं झाकण सताड उघडू नका, आत हवा गेली की भडका उडतो. आग अगदी लहान असेल तरच आग विझवायचा सिलिंडर वापरायचा, तोही जाळीतून किंवा झाकणाच्या फटीतून. तो पुढच्या डिक्कीत सामानाखाली ठेवून उपयोग नाही, म्हणून मी सीटच्या पुढे, हात पोचेल असा बसवतो. त्यासाठी गालिच्याला भोक पाडावं लागतं. मालक कुरकुरतात, मी भोक पाडतो.