तिसऱ्या चाकावरचा माणूस

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक चिमुकले बेट आहे. शेपूट नसलेली मांजरे आणि झेंड्यावरचे तीन पाय ही त्याची ओळख. एरवी अगदी सुशेगात असलेल्या या बेटावर मेअखेरीस मोटरसायकलवाल्यांची जत्रा लोटते. ब्रिटनमध्ये शर्यतीसाठी रस्ते बंद करायला कायद्याची आडकाठी होती. या बेटाला स्वतःची पार्लमेंट! तिने परवानगी दिली आणि १९०७ साली टी. टी. शर्यत सुरू झाली.

शर्यतीचा सध्याचा मार्ग म्हणजे खास बांधलेला ट्रॅक नव्हे, तर चक्क रहदारीचा रस्ता. डग्लस गावातून निघायचे, ब्रे हिलच्या उतारावर घरांच्या फाटकांसमोरून सुसाट खाली यायचे, बॅलॉच्या कमानी पुलावरून उडी घ्यायची, रॅम्झीहून स्नेफेल डोंगराची चढण चढायची आणि परत डग्लसला. एक फेरी पावणेअडतीस मैलांची, वळणे दोनशेहून अधिक. एकट्या स्वारांचे कौतुक जगभर होते. पण वाचकहो, खरी गंमत पाहायची तर साइडकारची शर्यत पाहावी.

साइडकार म्हटले की आपल्याला ‘शोले’तली जोडगोळी आठवते, नाही तर स्कूटरच्या बाजूच्या डब्यात मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या काकू. इथे तो डबाच नाही! जमिनीला जवळजवळ टेकलेली एक फळी, पकडायला दोन-चार कड्या, आणि तीवर बसायला जागा नसलेला एक ‘पॅसेंजर’. इंग्रजीत त्याला लाडाने माकडही म्हणतात. हे माकड नसेल तर गाडी वळणारच नाही.

कारण असे, की तीनचाकी गाडी दुचाकीसारखी वळणावर कलत नाही. साइडकार डावीकडे असेल तर डाव्या वळणावर तिचे चाक उचलले जाते; म्हणून पॅसेंजर डावीकडे अंग झोकून देतो, इतके की पाठ रस्त्याला घासते की काय असे वाटते. लगेच उजवे वळण आले की झटक्यात परत येऊन स्वाराच्या मागे, मागच्या चाकावर वजन टाकायचे. वेग वाढवला की गाडी साइडकारच्या बाजूला ओढते, ब्रेक दाबला की उलट बाजूला. बोलायची सोय नाही. इंजिनाच्या गर्जनेत सगळा रस्ता दोघांना तोंडपाठ हवा. संसारातही इतके समजून घेणारे जोडपे विरळाच.

इथली पहिली साइडकार शर्यत १९२३ साली फ्रेडी डिक्सनने जिंकली. त्याच्या गाडीची साइडकार दांडा ओढून कलती करता येई आणि तो दांडा पॅसेंजर वॉल्टर डेनीच्या हाती होता. सरासरी वेग ताशी ५३ मैल. बरोबर शंभर वर्षांनी, २०२३ साली, बेन आणि टॉम बर्चल या भावांनी एका फेरीत ताशी १२० मैलांची सरासरी ओलांडली.

१९५४ साली इंगे श्टोल ही जर्मन तरुणी फ्रेंच स्वार जॅक ड्रियोनची पॅसेंजर म्हणून उतरली. टी. टी. मध्ये भाग घेणारी ती पहिली स्त्री; त्यांचा पाचवा क्रमांक आला. चार वर्षांनी चेकोस्लोव्हाकियातल्या शर्यतीत दोघेही एकाच अपघातात गेली. २०२२ साली याच बेटावर एक बाप आणि त्याचा मुलगा एकाच गाडीवर दगावले. स्वाराच्या हाती निदान हँडल असते, ब्रेक असतो. पॅसेंजरच्या हाती फक्त कडी. तरीही पुढच्या साली नव्या जोड्या नाव नोंदवायला हजर! हे वेड की धाडस, ते पिटाबाहेर वाट पाहणाऱ्या बायकामुलांनाच विचारावे. आपण तिऱ्हाइतांनी काय सांगावे?

शर्यत संपते, रस्ता खुला होतो. थोड्याच वेळात ब्रे हिलवरून एक बस सावकाश खाली उतरते आणि सिग्नलला मुकाट्याने थांबते.