बिनरंगाच्या डब्यांची गाडी

जपानी रेल्वे-मॉडेलवाल्यांना वाफेच्या इंजिनाइतकीच ओढ रोजच्या विजेच्या लोकलची असते, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. काटो आणि टोमिक्स या ब्रँडच्या तयार मॉडेल-गाड्या देखण्या असतातच. पण खरी गंमत ग्रीनमॅक्स कंपनीच्या प्लास्टिक किटमध्ये.

त्यांच्या जुन्या धाटणीच्या किटमध्ये डब्याच्या बाजू, तोंड, छप्पर सगळे सुटे आणि बिनरंगाचे. बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), पँटोग्राफ, मोटर वेगळी घ्यायची. कडा घासा, काटकोन सांभाळून चिकटवा, मग रंग. आता रंगवलेली किटही मिळतात. तरी कोरा डबा हातात आला की गाडी कोणत्या मार्गाची, कोणत्या काळातली, हे करणाऱ्यानेच ठरवायचे असते.

१०३ मालिकेच्या लोकलचेच पाहा. १९६३मध्ये टोकियोच्या यामानोते मार्गावर ती फिकट हिरव्या रंगात आली. पुढे तीन हजारांहून अधिक डबे बांधले गेले आणि इतर मार्गांवर तीच गाडी नारिंगी, पिवळी, निळी होऊन धावली. साचा एक, शहराच्या आठवणी कितीतरी!

एन गेज या मॉडेल-मापात जपानी लोकलचे प्रमाण १:१५०. वीस मीटरचा डबा जेमतेम १३ सेंटिमीटरचा होतो, दहा डब्यांची गाडी मात्र सव्वा मीटरच्या पुढे जाते. तिथल्या बहुतेक लोकलच्या खऱ्या रुळांमधले अंतर १,०६७ मिलिमीटर. या प्रमाणात ते सात मिलिमीटर व्हायला हवे, पण एन गेजमध्ये ते नऊ असते. ही तडजोड जाणकारांच्या नजरेला खुपते, आणि खुपायलाच हवी. तरीही रूळ सर्वांना आणि मोटर, बोगी बऱ्याच गाड्यांना सामाईक राहिल्यानेच लहानशा खासगी रेल्वेची जुनी लोकलसुद्धा घरच्या टेबलावर धावू शकते.