उलटा श्री

इंदूरहून रात्रीच्या गाडीने निघालेले आम्ही दाहोद, गोध्रा मागे टाकून पहाटे बडोद्यास उतरलो. सयाजीरावांच्या या नगरीत मराठी माणसास परकेपणा वाटत नाही. दांडिया बाजारात भगिनीच्या घरी चहा-पोहे उरकले आणि भाची आम्हांस आपली ललितकला शाखा दाखवावयास घेऊन गेली. १९५० साली ही शाखा सुरू झाली, तेव्हा आमच्या इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे येथे अध्यापनास आले होते. ते स्मरून ऊर भरून आला. परंतु मनात एक सलही होता. पोरीस चित्रकला शिकवू नये, असे लांबलचक पत्र आम्हीच तिच्या वडिलांस लिहिले होते.

मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत शाईचा व रॉकेलचा उग्र दर्प कोंदला होता. लाकडी ठशात उंच भाग छापला जातो. येथे धातूच्या पत्र्यात खोल गेलेली रेघ छापावयाची. भाचीने जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरले होते. पत्रा सौम्य नत्राम्लात सोडताच उघड्या रेघांवर बुडबुडे जमले. ते ती पिसाने हलकेच झाडीत होती.

चित्र आजोळच्या वाड्याचे, म्हणजे आमच्याच घराचे होते. चौकटीवरचा ‘श्री’ मात्र उलटा! तीस वर्षे मुलांची अक्षरे तपासणारे आम्ही लगेच बोललो, “अगं, हे चुकले.”

“मामा, कागदावर सुलटे येईल. थोडा धीर धरा.”

मेण धुऊन तिने पत्र्यास शाई चोपडली व जाळीदार कापडाने पुसली. वरची शाई गेली, रेघांतली राहिली. त्यावर ओलसर कागद, कागदावर नमदा. मग यंत्राचे रहाटासारखे चाक तिने सर्व बळ लावून फिरविले. कागद उचलला, तो आमचे दार समोर उभे! ‘श्री’ अगदी सुलटा.

उंबऱ्याशी एक रेघ मात्र फार काळी उमटली होती. “आम्लात जास्त वेळ राहिली,” भाची म्हणाली.

“पुसता येत नाही?”

“घासून पुष्कळशी घालविता येते, मामा, पण खूण राहते. मी तिथे सावली करीन म्हणते.”

आम्हांस आमचे पत्र आठवले.

रात्री पानावर बसल्यावर आम्ही मेहुण्यांस म्हटले, “ते आमचे पत्र फाडून टाका.”

ते हसले. “ते तर तिने तेव्हाच मागून नेले. तिच्या पेटीत आहे.”

भाची वाढीत होती. तिने आमच्या पानात आणखी थोडे तूप वाढले. आम्ही मुकाट्याने भात कालवू लागलो.