मक्यावरचा तांबेरा

आपल्या समाजात ज्यांच्याकडे थोडीबहुत जमीन आहे, त्यांची शेती बहुधा दोन घरांच्या जिवावर चालते. एक घर गावात राबते, दुसरे शहरातल्या पगारातून बियाण्या-खताचे पैसे पाठवते. आमचेही तसेच आहे. सिल्लोड तालुक्यातली दोन एकर जमीन आमचे थोरले बंधू आणि वहिनी कसतात. विहिरीला पाणी असले की रब्बीत मका घेतात. बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी एवढेच पाहून भागत नाही, तिला लावायला भांडवल आणि अवजारे किती आहेत हे पाहावे लागते, असे त्यांनी त्यात मांडले. आमच्या दोन एकरांचा हिशेब आम्ही याच मापाने करतो. तिथे भलत्या औषधावर गेलेले हजार रुपये म्हणजे पोरांच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे.

गेल्या रब्बीत मका कमरेइतका झाला होता. गवत काढताना वहिनींना पानांवर विटकरी ठिपके दिसले आणि घरी आल्यावर लुगड्यालाही तांबूस भुकटी लागलेली दिसली. रोग प्रथम बाईमाणसालाच दिसतो, कारण वाकून काम तीच करते. दुकानात मात्र पुरुष जातो आणि त्याला पान सोबत न्यायचे सुचत नाही. दुकानदाराने बंधूंपुढे तीन बाटल्या मांडल्या. एक अळीची, एक टॉनिकची, एक स्टिकरची. बिल 2,400 रुपये. बुरशीचे औषध त्यात एकही नव्हते. इकडे शेजारची आजी सांगत होती, पिकाला नजर लागली, बांधावर बिब्बा बांध. वहिनी म्हणाल्या, "आजी, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आन् बिब्ब्यानं रोग जातो, तर तुम्ही दवाखान्यात कशाला जाता?"

बंधूंनी पैसे देण्याआधी आम्हाला फोन केला, हे बरे झाले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की शेतात परत जा आणि पानावर बोट फिरवा.

तांबेऱ्याची खरी खूण बोटालाच कळते. पानाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना लहान लांबट फोड येतात, ते फुटले की विटेच्या भुशासारखी पूड निघते आणि बोट रंगते. पुढे पीक पिकत आले की हेच फोड काळपट होतात. करप्याचे तसे नसते. करप्यात लांबलचक, दोन्ही टोकांना निमुळते राखी डाग पडतात, पण घासले तरी विटकरी पूड येत नाही. लष्करी अळी (ही आपल्या देशात 2018 साली आली) असेल तर पाने कातरलेली दिसतात आणि पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा सापडते. तांबेऱ्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला उष्ण दमट हवा मानवते. त्याचे फोड नारिंगी, गोल, दाट आणि मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला असतात. 1949 साली तो पश्चिम आफ्रिकेत शिरला आणि थोड्याच वर्षांत खंडभर पसरून त्याने तिथल्या गरिबांच्या भाकरीवर घाला घातला.

आमच्या शेतातला पहिला प्रकार होता. त्याला थंड हवा आणि पानावर तासन् तास टिकणारे दव लागते. त्याचे बीज वाऱ्यावर येते आणि आठवडा-दहा दिवसांत नवी पूड तयार करते. जिवंत मक्यावाचून ही बुरशी वाढत नाही. म्हणून एका शेतात तुरा आणि शेजारी कोवळा मका असला की रोगाला एकापाठोपाठ एक घर मिळत जाते. गावाने पेरणी एकाच सुमाराला केली तर फुकटात बरेच साधते, पण ज्याची विहीर त्याची मर्जी! बियाणे घेताना तांबेऱ्याला तोंड देणारा वाण मागावा. स्वीट कॉर्न या रोगाला अधिक बळी पडतो, हे तो लावणाऱ्याने आधीच धरून चालावे.

फवारणीची खरी किंमत वेळेवर ठरते. दाणा भरतो तो कणसाजवळच्या आणि त्यावरच्या पानांच्या जोरावर. तुरा यायच्या आत ठिपके दिसले आणि ते वर चढत असतील तर मँकोझेब 75 टक्के भुकटी लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला 37-38 ग्रॅम घ्यावी आणि पंधरा दिवसांनी गरज पाहून पुन्हा फवारावे. आधी पुड्यावर मका लिहिला आहे का ते वाचावे, कृषी सहायकाला पान दाखवावे. दाणा घट्ट होऊ लागल्यावर रोग दिसला तर पैसे खिशातच ठेवावेत. आमच्या बंधूंनी दोन फवारण्या केल्या. खर्च त्या पहिल्या बिलाच्या निम्म्याच्या आत बसला, आणि वरची पाने हिरवी राहिली.

एक गोष्ट मात्र आम्ही त्यांना फोनवर दोनदा बजावली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीला लावणारा माणूस पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडके, हातमोजे, आणि वाऱ्याकडे पाठ. औषध काठीने ढवळावे, हाताने नव्हे. पाणी आणायला पोरांना पाठवू नये. फवारलेला मका पुड्यावर सांगितलेले दिवस उलटेपर्यंत म्हशीपुढे टाकू नये. वहिनींनी त्या दिवसांत गोठ्याच्या दाराला दोरीच बांधून ठेवली होती, कारण म्हशीला कोण समजावणार?