श्रावण पाळणारे

आषाढातल्या शेवटच्या तिथीला घरातले सगळे दिवे माळ्यावरून, देवघरातून खाली येतात. समया, निरांजनं, एखादा जुना लामणदिवा. चिंचेनं घासून लखलखीत झाले की पाटावर ओळीनं मांडायचे. कणकेत गूळ घालून दिवे उकडायचे, त्यांवर तुपाची धार. आणि त्याच संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर मटणाच्या दुकानापुढे आणि वाइन शॉपच्या जाळीपुढे उभं राहायला जागा उरत नाही. उद्यापासून श्रावण, म्हणून आज गटारी. दीप अमावास्येसारखी सुंदर तिथी अशी हातची जाते याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. महिनाभराची कसर एका रात्रीत भरून काढायची म्हणून लोक दुप्पट पितात आणि श्रावणाचा पहिला दिवस ठणकत्या डोक्यानं, आंबट तोंडानं उजाडतो. ज्या शरीराला विसावा द्यायचा, त्यालाच आदल्या रात्री मार.

आणि तरीही या महिन्यावर माझा जीव आहे.

हे शहर बीअर तयार करणारं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांत बीअरचे आणि दारूचे कारखाने आहेत. त्यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. वाळूजला रात्रपाळी सुटताना काही ठिकाणी हवेत उकडलेल्या धान्याचा गरम, गोडसर वास असतो. त्याच औद्योगिक वसाहतीला लागून एक पंढरपूर आहे, विठ्ठलाच्या देवळाचं. आषाढी एकादशीला तिथे रस्ता बंद व्हावा इतकी गर्दी लोटते. 2016 च्या दुष्काळात इथल्या दारूचं आणि पाण्याचं नातं थेट कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या एप्रिलमध्ये मद्य कारखान्यांचं पाणी आधी 50 टक्के आणि मग 60 टक्के कापायला सांगितलं. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. त्या उन्हाळ्यात टँकरपाशी हंडा धरून उभ्या असलेल्या बायकांना बीअर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अशा गावात ‘श्रावण पाळतो’ हे दोन शब्द मोठं काम करतात. आपल्याकडे आग्रह करणं हा प्रेमाचा भाग आहे. ‘घे रे, एकानं काय होतंय’ म्हणणारा माणूस वाईट नसतो, त्याला आपण हवे असतो. एरवी नको म्हटलं की दहा प्रश्न येतात: तब्येत बरी नाही का, घरी काही झालंय का, डॉक्टरांनी सांगितलंय का, की आम्ही परके झालो? श्रावणात कुणी काही विचारत नाही. मान डोलावतात आणि लिंबूसरबत मागवतात. रमजानच्या महिन्यात हाच दिलासा मिळतो, असं सांगणारे मित्रही या शहरात आहेत. ब्रिटनमध्ये 2013 पासून जानेवारीभर दारू सोडायची मोहीम चालते. फिनलंडनं तर 1942 साली, युद्धाच्या धामधुमीत, असा कोरडा जानेवारी करून पाहिला होता. त्या लोकांना मुद्दाम मोहीम काढून जे उभं करावं लागलं, ते आपल्याला पंचांगातच मिळालं आहे. शेजारीपाजारी, कंपनीतले, सासरचे सगळे एकदमच थांबलेले असतात. एकट्यानं थांबण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

सोपं म्हणजे सुखाचं मात्र नव्हे. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. दारूनं झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते आणि स्वप्नांची झोप कमी होते. दारू सोडली की शरीर आधी बिथरतं. रात्री कूस बदलत राहायचं, पहाटे चमत्कारिक स्वप्नं पडायची. मग कधीतरी एका सकाळी लक्षात येतं की गजर व्हायच्या आधीच डोळे उघडलेत आणि डोकं हलकं आहे. गोड खायची ओढ वाढते, आणि श्रावण तर पुरणाचा, नारळीभाताचा. शिवाय उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स. महिनाभर थेंबाला शिवले नाहीत तरी वजन तसूभर हललं नाही, असे लोक दिसतात ते यामुळे. खाणं बेताचं ठेवलं तर फरक दिसतो. लंडनमधल्या डॉक्टरांनी 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला: बऱ्यापैकी पिणाऱ्या 94 जणांनी महिनाभर दारू बंद ठेवली, तेव्हा त्यांचा रक्तदाब सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरला, वजन दीड टक्क्यानं घटलं आणि इन्सुलिनला दाद न देण्याची शरीराची खोड पाव हिश्शानं कमी झाली. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या भागात हा शेवटचा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगायला हवी. ज्याचा हात सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर राहत नाही, त्यानं श्रावणाच्या पहिल्या दिवशी मनाच्या हिमतीवर एकदम दारू तोडू नये. रोजची भरपूर दारू अचानक थांबली की काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमात जातो, नसलेली माणसं पाहतो, भिंतीवरच्या किड्यांना हाकलतो. घरच्यांना वाटतं, व्रत मोडायची बुद्धी झाली म्हणून देव कोपला. कुणी लिंबू उतरवतं, कुणी कोंडून ठेवतं. यात माणसं दगावतात. यावर औषधं आहेत, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 14416 या टेलिमानसच्या नंबरवर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. अशा घरानं आषाढातच डॉक्टरांना गाठावं आणि मग श्रावण पाळावा. त्यात देवाचा अवमान होतो असं मला मुळीच वाटत नाही.

बाकीच्यांपुढे, म्हणजे शनिवारी बसणाऱ्या, लग्नात-पगारात घेणाऱ्यांपुढे, खरी अडचण असते ती संध्याकाळची. सातनंतरचे दोन-तीन तास मोकळे होतात आणि त्यांचं करायचं काय ते कळत नाही. मित्रांना भेटायचं तर कुठे? आमच्या मैत्र्या टेबलावर वाढलेल्या, चखण्याच्या बशीभोवती. दारू गेली की कधीकधी असं दिसतं की दोघांना एकमेकांशी बोलायला काहीच नाही.

याला आमच्या गावानं शोधलेलं उत्तर मला फार आवडतं. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री हजारो लोक पायी खुलताबादला निघतात, शनिवारी पहाटे भद्रा मारुतीच्या दर्शनाला. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, मग दौलताबादच्या किल्ल्याची काळी भिंत आणि तिच्या दरवाजातून जाणारा रस्ता, पुढे घाट. पाऊस भुरभुरत असतो. बॅटऱ्या, भगवे गमछे, अनवाणी पाय, कडेला फुकट चहा आणि खिचडी वाटणारे मांडव. चालणाऱ्यांत निम्मी टोळकी एरवी बसणाऱ्यांचीच असतात. तेच मित्र, तीच चेष्टामस्करी, पण पंचवीसेक किलोमीटर चालताना माणूस जे बोलतो ते खुर्चीवर बोलत नाही. आमच्यातल्या एकानं वडलांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते घाटाच्या चढावर, धापा टाकत. टेबलावर तो असं बोलला असता तर आम्ही त्याचा ग्लास भरला असता. घाटात भरायला काही नव्हतं, म्हणून आम्ही ऐकलं. देवळात मारुतीराय आडवे निजलेले, शेंदरानं माखलेले. त्यांच्यापुढे उभं राहताना पोटऱ्या दुखत असतात आणि मन स्वच्छ असतं.

या महिन्याचा दुसरा लाभ घरातल्या बाईकडे जातो, आणि तो कुठल्या तपासणीत उतरत नाही. मित्राच्या बायकोनं एकदा चहा देता देता सांगितलं, “भाऊजी, या महिन्यात गेट वाजलं तरी माझ्या पोटात गोळा येत नाही.” तिचा नवरा मारझोड करणारा नाही, कमावता, सरळ माणूस. तरीही अकरा महिने तिचा कान गेटकडे असतो: गाडी नीट लावली का, आवाज कसा आहे, पोरांना झोपवावं की थांबावं. आपण किती पितो याचा हिशेब आपण बाटलीवर करतो. तिचा हिशेब वेगळा आहे आणि तो मला जास्त खरा वाटतो.

मग पिठोरी अमावास्या येते, पोळा. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जाळीपुढे तीच गर्दी. महिनाभराच्या खंडानं सवय उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचंच माप आता जास्त चढतं, आणि परत जायचं असतं दुचाकीवरून. पोळ्याची रात्र मला गटारीपेक्षा धोक्याची वाटते ती म्हणूनच.

2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा 17 जुलैची गटारी आणि 14 सप्टेंबरचा पोळा यांत जवळजवळ दोन महिन्यांचं अंतर पडलं. अधिक धरायचा की नुसता निज, यावर बराच वाद झाला. ज्यांनी दोन्ही धरले, त्यांतल्या काहींना पोळ्याला ओढच वाटली नाही. पुढे पाच दिवसांत गणपती बसले, आरत्या सुरू झाल्या आणि दिवस निघून गेले. गणपती उठल्यावर मात्र त्यांच्यापाशी सांगायला कारण नव्हतं. ‘श्रावण आहे’ म्हणता येईना. आता नको म्हणायचं तर स्वतःच्या नावानं म्हणायचं, आणि ते आपल्याला फार जड जातं. आमच्यातल्या त्या घाटात बोललेल्या मित्रानं ते म्हटलं. कुणी फारसं काही बोललं नाही. एकानं विचारलं, मग भेटायचं कसं? तो म्हणाला, चालायला श्रावणच कशाला पाहिजे. तेव्हापासून महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही रात्री दहाला पडेगावला जमतो; कधी सगळे येतात, कधी तिघंच.