आधी गिऱ्हाईक मोजावे

लोणावळ्यातल्या वळवणच्या धरणावर उभा राहिलो की गुंतवणुकीचा विचार मनात येतोच. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, तेव्हा तंत्र नवे आणि कंपनीही नवखी. पण तिचा बाजार डोळ्यांसमोर होता: कोळसा जाळून वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या कापडगिरण्या. लोणावळ्याच्या धरणांत साठलेला पाऊस घाटाखाली खोपोलीला उतरवून वीज तयार केली आणि १९१५ मध्ये ती मुंबईला पोचली. छोट्या तंत्रज्ञान कंपनीकडे मी आज याच नजरेने पाहतो. ‘बाजार लाखो कोटींचा’ या आकड्याने मला धीर येत नाही. गरज आजच आहे का, तिच्यावर लोक खर्च करतात का आणि ही कंपनी ती स्वस्तात भागवेल का, हे विचारतो. तुम्हीही आधी गिऱ्हाईक मोजा, मगच पैसे गुंतवा.