घरात आले कॉफीचे यंत्र

आमच्या घरात चहाच. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा आणि पाहुणा आला की पुन्हा. कॉफी म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला द्यायची, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या पोराला. तीही डबीतली, चमचाभर, दुधात ढवळलेली. एस्प्रेसो हा शब्द आम्हांला माहीत झाला तो लग्नांमुळे. मंगल परिणयाचा विधी आटोपला, जेवणे झाली, की हॉलच्या कोपऱ्यात गॅसवर तापवलेला तो चकचकीत बंब उभा असायचा. पोऱ्या दुधाचा जग नळीखाली धरी, फुस्स करून वाफ सुटे, फेस वर येई, त्यावर चॉकलेटची भुकटी भुरभुरली की झाली एस्प्रेसो. तिच्यासाठी पोरांची काय रेटारेटी! तीस वर्षे आम्ही तिलाच एस्प्रेसो समजून प्यालो. ती एस्प्रेसो नव्हेच, नुसती वाफेने फेसाळलेली डबीची कॉफी, असे आमच्या धाकट्या लेकीने सांगितले तेव्हा आम्हांला जरा रागच आला.

ही धाकटी बारावीनंतर पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात लागली. तिकडे तिला बरिस्टा म्हणतात. नात्यात कोणी विचारले तर आम्ही "मॉलमध्ये नोकरी आहे" एवढेच सांगायचो. पोरीने शिकावे, टेबलखुर्चीची नोकरी करावी, असे मनात होते. ती नऊ-नऊ तास उभी राहून लोकांना कॉफी देते, हे सांगायला जीभ वळत नसे. आता लिहिताना त्याची लाज वाटते, पण होते ते होते.

पहिल्या पगारात ती आम्हां दोघांना आणि आजीला तिथे घेऊन गेली. आजी म्हणजे आमच्या सासूबाई-आई, ऐंशीच्या पुढच्या. काचेचे दार, थंड हवा. लेकीने स्वतः कॉफी करून आणली. जाड पांढरा कप, खाली बशी, वरच्या फेसावर पिंपळाच्या पानासारखे पान काढलेले. आजी त्या कपाकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "समद्यास्नी ह्येच कप हायेत का गं?"

"हो आजी, सगळ्यांना हेच."

आजींच्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर आपल्या माणसांसाठी वेगळे कप असत. खुंटीला अडकवलेले, कान तुटलेले. आपणच घ्यायचा, आपणच विसळायचा, आपणच परत अडकवायचा. पोरीला हे ऐकून माहीत होते. ती काही बोलली नाही. आजींनी कॉफी दोन घोट प्याली, "कडू हाय" म्हणाल्या, आणि बशीसकट कप मांडीवर धरून बसल्या. बिल साडेसातशे झाले. ते पाहून आमचीही कॉफी कडू झाली.

दोन वर्षांनी तिच्या दुकानात वरची जागा निघाली. नव्या पोरापोरींना शिकवायचे काम, पगार थोडा जास्त, आणि दर वेळी रात्रपाळी नाही. त्यासाठी कंपनीची हाताची परीक्षा होती. पोरगी नापास झाली. कॉफी बरोबर उतरली, पण दुधाला मोठे बुडबुडे आले आणि पान फाटले. दुकानात सराव करावा तर दुधाचा हिशोब मापाने. एक लिटरही इकडचे तिकडे झाले की विचारणा. तेव्हा एका रविवारी तिने विषय काढला, "पप्पा, घरी एक यंत्र घेऊ या का? साधं, स्वस्तातलं."

आमच्याकडे भिशीचे पंधरा हजार आले होते आणि ते फ्रिजसाठी ठरलेले होते. आमच्या फ्रिजचे दार दोरीने बांधावे लागते. आम्ही दोघांनी एका आवाजात नाही म्हटले. मग रात्री झोप येईना.

आमच्यातल्या एकाची उभी नोकरी दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये गेली, दुसरीची शिवणयंत्रावर. म्हणजे यंत्र म्हटले की घाबरायचे, असे आमचे घर नाही. घ्यायचे असेल तर आधी समजून घेऊ, असे ठरले. पिंपरीतल्या एका मोठ्या दुकानात आम्ही तिघे गेलो. तिथल्या मुलाने आधी साडेचार हजारांचे दाखवले. "हे घ्या, एस्प्रेसो, कॅपुचिनो, सगळं होतं." लेकीने त्याची टाकी बघितली आणि मान हलवली. हे वाफेवरचे यंत्र. बंद टाकीत पाणी उकळते, वाफ कोंडते आणि ती वाफच पाणी कॉफीतून ढकलते. त्यात दाब असतो तो घरच्या कुकरपेक्षा थोडाफार जास्त. शिवाय पाणी पार उकळीला आलेले, म्हणून कॉफी करपट लागते. कॉफी होते, दाट आणि कडक होते, दुधात घालून प्यायला वाईटही नाही. पण जिला एस्प्रेसो म्हणतात ती होत नाही.

मग एस्प्रेसो म्हणजे काय? वाफेच्या जोरावर झटपट कॉफी करायचे यंत्र इटलीत तुरिनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये पेटंट केले. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांनी त्यात सुधारणा केली. ही सगळी वाफेचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच अकिले गाजिया यांनी लांब दांड्याचे यंत्र आणले. दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोराने दट्ट्या पाणी दाबतो. तेव्हा प्रथमच कॉफीवर तो सोनेरी तपकिरी साय-फेस आला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या यंत्रात दांड्याचे काम विजेच्या पंपाने केले. आजचे घरगुती पंपाचे यंत्र हे त्याच वाटेवरचे धाकटे भावंड. पाणी नव्वद ते पंचाण्णव अंशांपर्यंत तापवायचे, उकळू द्यायचे नाही, आणि साधारण नऊ बार दाबाने बारीक पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत काढायचे. नऊ बार म्हणजे किती, हे वर्कशॉपवाल्याला लगेच कळले. एकशे तीस पौंड हवा! ट्रकबसच्या टायरात भरतात त्याहूनही जास्त. एवढ्याशा डब्यात हा दाब येतो कुठून, म्हणून कुतूहल वाटले. आत बोटाएवढा एक दट्ट्या असतो, विजेच्या चुंबकाने तो सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो. यंत्र चालू केले की जी घर्रर्र ऐकू येते, ती त्याचीच.

दुकानातला मुलगा आता खोक्यांवरचे आकडे वाचू लागला. "हे पंधरा बार, हे वीस बार. वीसवालं जास्त पॉवरफुल." आमचा हात वीसच्या खोक्याकडे गेलाच होता. लेकीने थांबवले. तो आकडा पंपाच्या ताकदीचा, कॉफीपर्यंत पोचणाऱ्या दाबाचा नव्हे. कॉफीला नऊच्या आसपास पुरतात. त्याहून फार झाले तर उलट बिघडते. जास्तीचा दाब परत सोडणारा व्हॉल्व्ह आत असला तर उत्तम. वर्कशॉपवाल्याला हे पटले. बसचा स्पीडोमीटर एकशेवीस दाखवतो म्हणून बस घाटात तेवढी पळवायची नसते.

दुसरी खोच गाळणीत. मुठीच्या चमच्यात बसते ती गाळणी दोन प्रकारची मिळते. स्वस्त यंत्राबरोबर दुहेरी तळाची येते. तिच्या खालच्या तळाला टाचणीएवढे एकच भोक. पूड कशीही असो, त्या भोकातून बाहेर पडताना फेस हा येणारच. घरी नुसती प्यायला कॉफी हवी असेल, पूड विकतची असेल, तर हीच गाळणी सोयीची. त्यात कमीपणा काही नाही. पण जिला हात बसवायचा आहे तिला एकेरी तळाची लागते, कारण तिथे पूड आणि दाबणेच सारे काही ठरवते. आणि मग पूड ताजी, एकसारखी, पिठाहून जराशी रवाळ हवी. म्हणजे गिरणी आली!

इथे आमचा सगळा हिशोब फिरला. आम्ही म्हटले, मिक्सर आहे की. लेकीने मिक्सरमध्ये मूठभर दाणे फिरवून ताटात पसरून दाखवले. अर्धे पीठ, अर्धी भरड. आजी खाटेवरून म्हणाल्या, "ते तोडतंय. जात्यासारखं दळत न्हाई." अगदी तेच. कॉफीच्या चांगल्या गिरणीत पाते नसते, दातऱ्यांच्या दोन तळ्या असतात आणि त्यांच्यातले अंतर कमीजास्त करता येते. एस्प्रेसोइतके बारीक आणि एकसारखे दळणारी हाताची गिरणी सात हजारांना होती. विजेची घ्यावी तर आमच्या आवाक्याबाहेर. नवे पंपाचे यंत्र दहा हजारांच्या घरात. बेरीज सतरा. भिशी पंधराची, आणि फ्रिज तर बाजूलाच.

आम्ही जुने यंत्र शोधले. वाकडच्या एका सोसायटीत एकजण गाव सोडून चालला होता, त्याचे तीन वर्षांचे पंपाचे यंत्र पाच हजारांना द्यायला तयार होता. आमच्यातल्या वर्कशॉपवाल्याने ते बस तपासावी तसे तपासले. कॉफी न भरता पाणी सोडून पाहिले. पाणी थेंबथेंब येत होते, मूठ जिथे बसते तिथून गळत होते. गळती म्हणजे रबरी वायसर कडक झालेला, तो शे-दोनशेत मिळतो. थेंबथेंब म्हणजे आत क्षार बसलेला. मालक बोअरचे पाणी घालत असणार. पंपाचा आवाज मात्र सलग होता, वाफेची नळी जोरात फुंकत होती, वायर कुठे वितळलेली नव्हती. साडेचारला सौदा झाला. घरी आणून लिंबूसत्त्वाचे पाणी दोनदा आतून फिरवले, मग साधे पाणी चार वेळा. गाळात काय काय निघाले ते सांगत नाही. आता त्यात पिण्याचे नळाचेच पाणी जाते. प्लग मोठ्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला; यंत्र तेराशे पन्नास वॅटचे आहे. दहा मिनिटे चालले तरी पाव युनिट जळत नाही, हे आम्ही मीटरवर बघून घेतले.

यंत्र, वायसर, एकेरी गाळणी, गिरणी, आणि सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा मिळून तेरा हजारांच्या आत बसले. म्हणजे यंत्रापेक्षा गिरणी महाग पडली. शेजारणीला हे सांगितले तेव्हा ती हसली. पण ज्याला दोन्ही परवडत नाही त्याने यंत्रावर सगळे पैसे उधळून पूड मिक्सरची वापरावी, हे आम्हांला चुकीचे वाटते. त्यापेक्षा गॅसवर ठेवायचे मोका भांडे किंवा मद्रासी पितळी फिल्टर घ्यावा. दोन्ही वर्षानुवर्षे टिकतात आणि वीज लागत नाही.

पहिल्या दिवशी सोळा ग्रॅम पूड भरली, तर आठ सेकंदांत फिक्कट पाणी धावत आले; आंबट. गिरणी आवळली, तर यंत्र घरघरले आणि थेंबही नाही. पोरगी रडकुंडीला आली, कारण दाणे चिकमगळूरचे, पाव किलोला साडेचारशे रुपये, आणि चार खेपा मोरीत गेलेल्या. तेव्हा शिवणवालीने सांगितले, "टाका सैल येतो तेव्हा दोऱ्याचा ताण, सुई, बॉबिन सगळं एकदम बदलायचं नसतं. एकच बदल, बघ, मग दुसरं." पुडीचे वजन तेच ठेवून गिरणी एकेक खाच फिरवली. सातव्या खेपेला मधासारखी धार सुटली. बत्तीस ग्रॅम, सत्तावीस सेकंद. आम्ही तिघे काट्याकडे बघत उभे होतो. पाव किलोत अशा पंधराच खेपा होतात, म्हणजे एक तीस रुपयांना पडते. रोज प्यायची चैन ही नव्हे. आठवड्यातून दोनदा सराव, एवढेच.

दुधाचे काय? आजींनी आधीच बजावले होते, दूध वतून दिल्यालं खपणार न्हाई. लेकीने त्यावर तोड काढली. जगात गार पाणी घ्यायचे, त्यात भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब. वाफेची नळी आधी पाण्याच्या अगदी वरवर धरली की हवा शिरते, मग जरा खाली बुडवून भोवरा फिरवला की फेस रेशमासारखा बारीक होतो. दुधासारखाच वागतो. रात्री दहाला घरी येऊन ती अर्धा तास साबणाचे पाणी फिरवीत बसे. हात जगाच्या बाहेरून कळ घेई: चटका बसायला लागला की थांबायचे, साठ-पासष्ट अंश झालेले असतात. वर फेस काढता येतो का बघायला ती कपात कोकोचे पाणी घेई. शेवटच्या आठवड्यात फक्त खरे दूध, तेही रोज एक कप, आणि तो कप कोणीतरी प्यायचाच.

या जूनमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा झाली. पान पुरते सरळ आले नाही, देठाकडे जरा वाकले म्हणे, पण दुधाला बुडबुडा नव्हता. ती पास झाली. पगार अठराशे रुपयांनी वाढला. परवा नात्यातल्या एका लग्नात कोणीतरी विचारले, धाकटी काय करते. "कॉफी करायला शिकवते," आम्ही म्हटले, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या बंबाची वाफ सुटली, म्हणून पुढचे त्याला ऐकू गेले की नाही कोण जाणे.

फ्रिजचे दिवाळीनंतर बघू. दोरी नवी आणली आहे. आजी रविवारी दुधाची कॉफी घेतात, साखर तीन चमचे घालून, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने चहा मागतात.